वाचलेला डॉलर कुणाचा?

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘काटकसर’ हा विषय ठरवला. काटकसरीच्या हकिकती आपण कौतुकानं सांगतो, पण वाचलेले पैसे शेवटी गेले कुठे, हा प्रश्न त्यात सहसा येत नाही. घरात तो पडतही नाही, कारण वाचवणारे आणि वापरणारे तेच असतात. सार्वजनिक संस्थेत मात्र दिवे मालवणारा एक, बिल भरणारा दुसरा आणि वर्षाअखेरीस शिल्लक परत मागणारा तिसरा. अशा ठिकाणी काटकसर टिकत नाही यात माणसांचा फारसा दोष नसतो. ज्याच्या हातून बचत होते त्याच्या हाती काही लागत नसेल, तर तो किती दिवस बटणं बंद करत फिरेल?

अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातल्या बेट्सव्हिल या गावाची गोष्ट या प्रश्नासाठी पाहण्याजोगी आहे. तिथल्या शाळा जिल्ह्यानं २०१७ मध्ये आपल्या इमारतींची ऊर्जा-तपासणी करून घेतली, पुढे सौर पॅनेल बसवले आणि वाचलेल्या पैशाच्या आधारे शिक्षकांचे पगार वाढवले. देशभरच्या वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी ही बातमी उचलली. सगळा झोत अर्थातच पॅनेलवर राहिला. छायाचित्रात तेच शोभून दिसतात. माझ्या मते त्या गोष्टीतला सर्वात कमी महत्त्वाचा भाग पॅनेलचा आहे. मायकल हेस्टर या तिथल्या सुपरिंटेंडंटनी जे केलं त्यात तंत्रज्ञान फारसं नव्हतं. बचत व्हायच्या आधीच ती कुणाच्या पदरात पडणार हे त्यांनी ठरवलं आणि उघडपणे सांगितलं.

नेमणूक मंडळाची, पैसा गावाचा

अमेरिकेतला सुपरिंटेंडंट म्हणजे आपल्याकडचा शिक्षणाधिकारी असं समजून चाललं तर पुढचं काही नीट कळणार नाही. त्या देशात सुमारे १३ हजार शाळा जिल्हे आहेत. जिल्हा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर सातारा किंवा नांदेड येतं; तिथला शाळा जिल्हा मात्र बहुधा एका गावाएवढा किंवा शहराच्या एका भागाएवढा असतो. बेट्सव्हिलच्या जिल्ह्यात मुलं तीन हजारांच्या आसपास. पुण्याच्या जिल्हा परिषदेकडे शाळाच साडेतीन हजारांच्या घरात आहेत. जिल्ह्याचं शाळा मंडळ लोकांनी निवडून दिलेलं असतं, आणि ते मंडळ सुपरिंटेंडंटला करारानं नेमतं. शिक्षक कोण घ्यायचे, बस कुठल्या रस्त्यानं जाणार, छप्पर गळतंय ते यंदा दुरुस्त करायचं की पुढच्या वर्षी, हे सगळं त्याच्या टेबलावर येतं. मंडळाचा विश्वास उडाला की करार संपतो. बदली होऊन दुसरीकडे रुजू होण्याची सोय नाही.

पैशाचा मार्गही वेगळा आहे. शाळांच्या एकूण खर्चात केंद्र सरकारचा वाटा साधारण दहावा हिस्सा असतो. उरलेला राज्य आणि स्थानिक जिल्हा यांच्यात ढोबळमानानं निम्मा-निम्मा. स्थानिक वाटा मुख्यतः मालमत्ता करातून येतो. आर्कान्सात हा कर ‘मिल’मध्ये मोजतात, म्हणजे करपात्र मूल्याच्या हजारामागे एक. राज्याच्या घटनेत १९९६ साली झालेल्या दुरुस्तीनं सगळीकडे किमान २५ मिलची अट घातली. त्याहून जास्त हवे असतील तर मतदारांकडे जावं लागतं. थोडक्यात, शाळेचं वीजबिल वाढलं तर ते कुठून भरलं जातं हे बेट्सव्हिलमधल्या किराणा दुकानदाराला ठाऊक असतं. कराची पावती त्याच्याकडेच येते.

आणखी एक गोष्ट तिथल्या लोकांच्या मनात पक्की बसलेली आहे. २००२ मध्ये ‘लेक व्ह्यू’ खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं शाळांना निधी देण्याची पद्धत घटनेला धरून नसल्याचा निकाल दिला. त्यानंतर २००४ मध्ये कायदा आला: ज्या जिल्ह्यात ३५० पेक्षा कमी मुलं, तो शेजारच्या जिल्ह्यात विलीन होणार. अनेक छोट्या गावांच्या शाळा त्यात गेल्या, आणि शाळेबरोबर गावाचा फुटबॉल संघ, शुक्रवार संध्याकाळचे सामने, हायस्कूलच्या नावाची जर्सीही गेली. बेट्सव्हिल त्या उंबरठ्यापासून खूप लांब होतं. पण शिक्षक सोडून गेले की मुलं जातात आणि मुलं गेली की राज्याचा दरडोई निधी जातो, ही साखळी ग्रामीण आर्कान्सात कुणाला फळ्यावर काढून दाखवावी लागत नाही.

बिलापासून पगारापर्यंत

बेट्सव्हिल हे व्हाइट नदीकाठचं सुमारे ११ हजार वस्तीचं गाव. कोंबड्यांवर प्रक्रिया करणारे कारखाने हा तिथला मोठा रोजगार. शाळा जिल्ह्यासमोर दोन अडचणी एकदमच उभ्या होत्या. आजूबाजूच्या जिल्ह्यांच्या तुलनेत शिक्षकांचे पगार मागे पडले होते, त्यामुळे अनुभवी माणसं टिकत नव्हती. आणि अंदाजपत्रकात सुमारे अडीच लाख डॉलरची तूट होती. त्याच वेळी वीज, पाणी वगैरेंचं वार्षिक बिल सहा लाख डॉलरच्या वर गेलं होतं. अमेरिकी शाळांत पगारांनंतरचा मोठा खर्च ऊर्जेचा, हे वाक्य तिथल्या सरकारी पत्रकांत वर्षानुवर्षं छापलं जातं. त्याचा अर्थ इतकाच की पगाराला हात न लावता कात्री चालवायची तर पहिली जागा तीच.

ऊर्जा कंपनीच्या तपासणीत असं निघालं की हायस्कूलच्या आवारात सुमारे चौदाशे-पंधराशे पॅनेल बसवले आणि सगळ्या इमारतींतले दिवे, वातानुकूलन, खिडक्या बदलल्या, तर २० वर्षांत किमान २४ लाख डॉलर वाचतील. जिल्ह्यानं ५४ लाख डॉलरचे कर्जरोखे काढले. १,४८३ पॅनेल बसले, बरेचसे हायस्कूलच्या पडीक मैदानावर आणि काही प्रवेशाजवळच्या मांडवावर. वार्षिक वीजवापर १६ लाख युनिटांनी खाली आला. तीन वर्षांत अडीच लाखांच्या तुटीचं रूपांतर १८ लाख डॉलरच्या शिल्लकीत झालं आणि शिक्षकांना सरासरी दोन ते तीन हजार डॉलरची वाढ मिळाली.

असे प्रकल्प चालतात कसे, ते समजून घ्यायला हवं. कंपनी आधी इमारत तपासते: जुनी ट्यूबलाइट किती वीज खाते, कंप्रेसर किती वर्षांचा आहे, खिडकीच्या फटीतून किती थंड हवा बाहेर जाते. मग पायाभूत वापर ठरतो आणि बचतीची हमी दिली जाते. जिल्हा कर्ज काढतो, आणि हप्ता कमी झालेल्या बिलातून जावा अशी आखणी होते. हमीएवढी बचत झाली नाही तर फरक कंपनीनं भरायचा, असं कलम या करारांत असतं. सारी मेख पायाभूत वापरात आहे. तो फुगवून धरला की पुढची बचत आपोआप मोठी दिसते. उन्हाळा सौम्य गेला, चार नव्या खोल्या बांधल्या, मुलं कमी झाली, अशा प्रत्येक बदलासाठी आकडा दुरुस्त करावा लागतो, आणि ती दुरुस्ती बहुतेकदा कंपनीचाच माणूस करतो. मंडळावरच्या दंतवैद्याला किंवा शेतकऱ्याला ते तपासता येईलच असं नाही. दुसऱ्या अभियंत्याकडून फेरतपासणी करून घेण्याचे पैसे वाचवणं ही या व्यवहारातली सर्वात महाग काटकसर ठरू शकते.

हिशेब जुळवून पाहिला तर

आता वरचे आकडे एकमेकांशेजारी ठेवू. २० वर्षांत २४ लाख म्हणजे वर्षाला सरासरी सव्वा लाख डॉलरच्या आत. दुसऱ्या बाजूनंही पाहता येतं: १६ लाख युनिट आणि त्या काळात आर्कान्सातल्या व्यावसायिक ग्राहकांचा दर युनिटला साधारण आठ-नऊ सेंट, म्हणजे वर्षाला सव्वा ते दीड लाख डॉलर. दोन्ही उत्तरं जवळपास जुळतात, तेव्हा तपासणी प्रामाणिक होती असं मानायला हरकत नाही. पण मग तीन वर्षांत अडीच लाखांच्या तुटीपासून १८ लाखांच्या शिल्लकीपर्यंत, म्हणजे साडेवीस लाख डॉलरची मजल विजेच्या बचतीतून मारता येणंच शक्य नाही. वर्षाला सहा लाखांचं बिल तीनही वर्षं शून्यावर आलं असतं तरी बेरीज १८ लाखांच्या थोडी पुढे गेली असती. पगारवाढीचंही तसंच. तीन हजार मुलांच्या जिल्ह्यात दोनशेच्या वर शिक्षक असणारच. प्रत्येकी दोन हजार धरले तरी वर्षाला चार लाख डॉलर होतात. सव्वा-दीड लाखात ते बसत नाहीत.

याचा अर्थ बातमी खोटी होती असा नाही. बातमीनं सूर्याला त्याच्या वाट्यापेक्षा जास्त श्रेय दिलं, एवढंच. म्हातारं झालेलं वातानुकूलन आणि खिडक्या बदलण्याचा खर्च एरवी दरवर्षीच्या अंदाजपत्रकातून तुकड्यातुकड्यानं गेला असता. तो कर्जरोख्यांवर गेल्यानं चालू खात्यावरचा भार हलका झाला. तुटीत असलेला जिल्हा इतर ठिकाणीही हात आखडतो. हे सगळं एका निर्धाराखाली आलं, आणि त्या निर्धाराला गावानं पाहावं असं ठळक रूप पॅनेलनी दिलं. माझा मुद्दा इथेच पक्का होतो. बचत निव्वळ यंत्रांची असती तर शेजारच्या कोणत्याही जिल्ह्याला तीच यंत्रं विकत घेऊन तोच निकाल मिळाला असता. बेट्सव्हिलमध्ये पगारवाढ हे उद्दिष्ट आधी ठरलं आणि हिशेबाची प्रत्येक ओळ त्याच्याकडे वळवली गेली. हेस्टर यांनी प्रकल्प मांडला तोच शिक्षक टिकवण्यासाठी. हवामानबदल, हरित भविष्य वगैरे शब्दांचा भरणा त्यात नव्हता. आर्कान्सासारख्या पुराणमतवादी राज्यात तसा भरणा केला असता तर अर्धी सभा चर्चेआधीच उठून गेली असती, असं म्हणणं फार धाडसाचं होणार नाही.

लोकांपुढे केव्हा जायचं

अमेरिकेत शाळा मंडळाची बैठक साधारण महिन्यातून एकदा, संध्याकाळी, बहुधा शाळेच्याच एखाद्या दालनात भरते. कुणीही येऊन बसावं. नागरिकांना बोलायला ठरावीक मिनिटं मिळतात, बऱ्याच ठिकाणी तीन. आर्कान्सात १९६७ पासून माहिती स्वातंत्र्याचा कायदा आहे आणि तो देशातल्या कडक कायद्यांपैकी गणला जातो. मंडळाच्या सदस्यांनी बंद दाराआड निर्णय पक्का करून बैठकीत नुसता हात वर करणं त्या कायद्याला चालत नाही. या बैठका बहुतांशी कंटाळवाण्या असतात. बसच्या टायरांची निविदा, उपाहारगृहातल्या दुधाचा दर, एखाद्या पालकाची पुस्तकाबद्दल तक्रार. पण निर्णय होण्याआधी कागद लोकांसमोर येतो, ही त्यांची किंमत आहे.

लोकसहभाग हा शब्द आपल्याकडे इतका झिजला आहे की त्याचा अर्थ वर्गणी असाच उरलाय. वर्गणी मागायला जाणारा प्रमुख लोकांकडे निर्णय झाल्यावर जातो. बेट्सव्हिलमध्ये उलटा क्रम होता. कर्ज काढायचं तर आधी ते का, फेड कशातून आणि फायदा कुणाला, या तिन्हींची उत्तरं द्यावी लागली. फायद्याचं उत्तर ‘शिक्षकांचे पगार’ असल्यामुळे शिक्षकच प्रकल्पाचे राखणदार झाले. रिकाम्या वर्गातला दिवा बंद करण्यामागे आता त्यांचा स्वतःचा हिशेब होता. शिवाय एकदा जाहीर झालेलं आश्वासन पुढच्या सुपरिंटेंडंटलाही सहजी फिरवता येत नाही. सामान्य निधीत मिसळलेली बचत कोणत्याही चांगल्या कामाला वापरता येते, आणि म्हणूनच ती दिसेनाशी होते. अर्थखात्याच्या लोकांना असा बांधून घातलेला पैसा आवडत नाही; लवचिकता जाते, असं ते म्हणतात. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण लवचिकतेचे लाभ ज्याच्या हाती पेन आहे त्याला होतात, आणि ज्यानं बचत केली त्याच्या हाती पेन क्वचितच असतं.

डॉलरला किती धडे?

सुपरिंटेंडंट आणि काटकसर यांचं नातं मात्र जुनं आहे आणि ते नेहमीच असं निरोगी नव्हतं. हे पद १८३७ मध्ये बफेलो आणि लुइव्हिल या शहरांत सुरू झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारखान्यांतल्या ‘शास्त्रीय व्यवस्थापना’चं वारं सुटलं आणि वर्तमानपत्रांनी विचारायला सुरुवात केली की कारखाने सुधारतात तर शाळा का सुधारत नाहीत. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटनचे सुपरिंटेंडंट फ्रँक स्पॉल्डिंग यांनी १९१३ मध्ये आपल्या समव्यावसायिकांपुढे हिशेब मांडला: एका डॉलरात ग्रीक भाषेचे ५.९ विद्यार्थी-पाठ मिळतात आणि फ्रेंचचे २३.८. त्यांचा निष्कर्ष उघडच होता, ग्रीक या भावात विकत घेणं परवडणार नाही. ग्रीक शिकण्याचं मोल काय, हा प्रश्न त्या हिशेबात कुठेच नव्हता. या काळावर रेमंड कॅलाहन यांनी १९६२ साली लिहिलेलं पुस्तक आजही शिक्षण प्रशासनाच्या अभ्यासक्रमात वाचलं जातं. त्यांचं सांगणं थोडक्यात असं की या प्रमुखांनी कार्यक्षमतेचा मंत्र बहुतेकदा शिक्षणासाठी जपला नाही, टीकेपासून नोकरी वाचवण्यासाठी जपला. करार ज्याच्या हाती, त्याची भीती माणसाला आकड्यांमागे लपायला लावते.

ही जुनी सवय अजून गेलेली नाही. चार दिवसांच्या शाळेचं उदाहरण घ्या. ग्रामीण अमेरिकेतल्या शेकडो जिल्ह्यांनी आठवड्यातला एक दिवस शाळा बंद ठेवून उरलेल्या दिवसांची वेळ वाढवली. एक पंचमांश दिवस कमी म्हणजे एक पंचमांश खर्च कमी, असं पटकन वाटतं. प्रत्यक्षात खर्चाचा सर्वात मोठा भाग पगारांचा आणि ते तितकेच राहतात. वाचतं ते बसचं डिझेल, स्वयंपाकघर, थोडी वीज. २०११ च्या एका पाहणीत जास्तीत जास्त शक्य बचत ५.४३ टक्के निघाली आणि प्रत्यक्ष जिल्ह्यांत ती ०.४ ते २.५ टक्क्यांच्या दरम्यान होती. त्या सुट्टीच्या दिवशी लहान मुलाला सांभाळायचं कुणी आणि जेवायला घालायचं कुणी, हा खर्च कुटुंबाच्या खात्यावर गेला. सुट्टीमुळे शिक्षक मिळणं सोपं जातं, हा या व्यवस्थेच्या बाजूचा खरा युक्तिवाद आहे आणि मिझुरीतल्या इंडिपेन्डन्ससारख्या मोठ्या जिल्ह्यानं २०२३ मध्ये ती त्याच कारणासाठी स्वीकारली. तो वाद वेगळा. पण पैशांपुरतं पाहायचं तर शाळेच्या वहीतून पुसलेला खर्च पालकांच्या वहीत लिहिला गेला, आणि याला बचत म्हणता येत नाही. पॅनेलमुळे कुणाचा खर्च वाढला असेल तर तो फार तर वीज कंपनीचा, आणि ती कंपनी आपलं गाऱ्हाणं मांडायला समर्थ आहे.

बसगाड्या आणि वाय-फाय

कल्पकता, लोकांचा पाठिंबा आणि काटकसर या तीन गोष्टी एकत्र नांदतातच असं नाही. कॅलिफोर्नियातल्या कोचेला व्हॅलीचा जिल्हा सुमारे १,२०० चौरस मैल पसरलेला, द्राक्षं-खजुरांच्या बागांत राबणाऱ्या मजुरांच्या मुलांचा. २०१२ मध्ये तिथल्या मतदारांनी तंत्रज्ञानासाठी सुमारे चार कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली आणि प्रत्येक मुलाच्या हाती आयपॅड आला. घरी इंटरनेट नाही म्हणून सुपरिंटेंडंट डॅरिल अॅडम्स यांनी शाळेच्या बसमध्येच वाय-फाय बसवलं आणि रात्री काही बस मजुरांच्या ट्रेलर-वस्त्यांशेजारी उभ्या करायला सुरुवात केली. बसची बॅटरी राउटर फार वेळ चालवू शकेना, तर टपावर सौर पॅनेल लावलं. कल्पना सुरेख होती, राष्ट्रीय पातळीवर वाखाणली गेली, आणि मुलांना त्याचा उपयोगही झाला. पण उपकरणं चार-पाच वर्षांत जुनी होतात आणि कर्ज त्याहून जास्त काळ फेडावं लागतं. नंतरच्या वर्षांत त्या जिल्ह्याच्या अंदाजपत्रकात मोठी तूट आली आणि २०१७ मध्ये अॅडम्स निवृत्त झाले. तुटीची कारणं बसवरच्या राउटरपेक्षा कितीतरी मोठी होती. तरी दोन्ही ठिकाणचा फरक नजरेत भरतो: एका कर्जानं दरवर्षीचा खर्च खाली आणला, दुसऱ्यानं वर नेला.

व्हर्जिनियातल्या लुइसा काउंटीनं २०२० च्या टाळेबंदीत हाच प्रश्न आणखी स्वस्तात सोडवला. तिथल्या व्यवसाय-शिक्षण विभागातल्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी चाकांवरचे सौर वाय-फाय गाडे स्वतः जोडले आणि ते चर्च, दुकानं अशा लोकांच्या येण्याजाण्याच्या ठिकाणी उभे केले. विकत घेण्याऐवजी मुलांकडून करून घेतल्यामुळे खर्चातच अभ्यासक्रम निघाला. अशा छोट्या गोष्टी फार गाजत नाहीत, कारण त्यामागे विकायला बसलेली कंपनी नसते.

पगार उन्हावर का?

बेट्सव्हिलवरचा सर्वात गंभीर आक्षेप असा: शिक्षकाचा पगार ही राज्याची जबाबदारी. ती वीजबिलाच्या बचतीतून पार पाडावी लागते ही शरमेची बाब आहे, कौतुकाची नाही. ज्या जिल्ह्याकडे मोकळं मैदान आणि कर्ज काढण्याची पत आहे तो पगार वाढवेल. ज्याच्याकडे नाही त्याचे शिक्षक तिकडे पळतील. आक्षेपातलं पहिलं वाक्य मला पूर्ण मान्य आहे. राज्यालाही ते उशिरा का होईना मान्य झालं: २०२३ मध्ये आर्कान्सानं शिक्षकांचा किमान वार्षिक पगार ३६ हजारांवरून थेट ५० हजार डॉलरवर नेला. एका कायद्यानं राज्यभर जे झालं ते १,४८३ पॅनेलना शंभर वर्षांत जमलं नसतं. बेट्सव्हिलनं शेजाऱ्यांवर मिळवलेल्या आघाडीचा बराच भाग त्या दिवशी निकालात निघाला असणार.

तरीही स्थानिक बचत निरर्थक ठरत नाही. राज्याचा कायदा येईपर्यंतच्या वर्षांत जे शिक्षक थांबले, त्यांच्या हाताखालून शिकून गेलेल्या मुलांना ती वर्षं परत मिळणार नव्हती. सुपरिंटेंडंटच्या हाती विधिमंडळ नसतं, वीजमीटर असतो. आणि एका जिल्ह्याचा हिशेब पाहून इतर जिल्ह्यांनीही तो रस्ता धरला, तेव्हा राज्यातल्या सौर धोरणावरच्या वादात शाळा हा एक पक्ष बनला. तो वाद कशासाठी, तेही सांगायला हवं. सर्वात कडक ऊन जून-जुलैत, आणि शाळा तेव्हा बंद. म्हणून शाळेच्या पॅनेलचं अर्थकारण जादा वीज ग्रीडमध्ये पाठवून तिचं श्रेय पुढच्या बिलात मिळवण्यावर, म्हणजे नेट मीटरिंगवर, उभं असतं. आर्कान्सानं २०१९ च्या कायद्यानं सार्वजनिक संस्थांना हा मार्ग सोपा केला आणि २०२३ च्या दुसऱ्या कायद्यानं नंतर येणाऱ्यांसाठी श्रेयाचा दर खाली आणला. सप्टेंबर २०२४ पर्यंत अर्ज करणाऱ्यांना जुना दर राखला. केंद्रानं २०२२ मध्ये करमुक्त संस्थांनाही खर्चाचा ३० टक्के परतावा रोख देऊ केला होता, तो २०२५ च्या कायद्यानं आवरता घेतला. जिल्ह्यानं २० वर्षांचा हिशेब मांडावा आणि सरकारांनी दर दोन वर्षांनी त्यातले आकडे बदलावेत, अशी ही अवस्था आहे. त्यातही लवकर उतरलेल्यांचं फावलं. उशिरा येणाऱ्या गरीब जिल्ह्यांसाठी तोच हिशेब आता नव्यानं करावा लागेल, आणि तो प्रत्येक ठिकाणी जुळेलच असं नाही.

मार्चअखेर

महाराष्ट्रातल्या वाचकाला यातलं काय उचलता येईल? पॅनेल तर नक्कीच. ते आपल्या किती तरी शाळांच्या छपरांवर दिसतात. सुपरिंटेंडंट उचलता येणार नाही. आपल्या शिक्षणाधिकाऱ्याला कर्जरोखे काढता येत नाहीत, पगार ठरवता येत नाही, आणि एखादं काम मार्गी लागेपर्यंत त्याची बदली झालेली असते. पण लोकांची समिती आपल्याकडे कायद्यानंच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात असं सांगितलं आहे. पैसाही थोडा आहे: समग्र शिक्षा अभियानातून तीसपर्यंत पटाच्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये, शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार. त्यातच खडू, दुरुस्ती, स्वच्छता आणि वीजबिल भागवायचं. या रकमेतून बिल भरणं झालं नाही म्हणून मीटर काढून नेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात.

समजा, एखाद्या चाळीस पटाच्या शाळेनं दिवे बदलून आणि पॅनेल बसवून वर्षाला तीन हजार रुपये वाचवले. अनुदान आता शून्य शिल्लक खात्यातून, खर्चाच्या मर्यादेच्या रूपानं येतं. मार्चअखेर जे खर्च झालं नाही ते शाळेचं राहत नाही. मुख्याध्यापकानं काटकसर केली तर समितीच्या हाती उरतं ते फक्त उपयोगिता प्रमाणपत्र, आणि न खर्चलेली रक्कम पुढच्या वर्षी गरज कमी असल्याचा पुरावा म्हणून वाचली जाण्याची धास्ती. शहाणा मुख्याध्यापक मग फेब्रुवारीत खुर्च्यांना रंग देऊन घेतो. त्याला दोष कशाला द्यायचा?

यासाठी नवी योजना नको, एका ओळीचा शासन निर्णय पुरे: वीज, पाणी आणि दुरुस्तीत शाळेनं मागील तीन वर्षांच्या सरासरीपेक्षा जे वाचवलं, ते त्याच शाळेच्या समितीकडे राहील, आणि ते कशावर खर्च होणार हे समितीनं वर्षाच्या सुरुवातीच्या पालकसभेत ठराव करून भिंतीवर लावावं. अर्थ विभागाचं यात काही जात नाही; तो पैसा एरवीही खर्चीच पडतो, फक्त रंगाच्या डब्यांवर. जिल्हा परिषदेत किंवा मंत्रालयात ज्यांच्या हाती हे आहे त्यांनी पुढच्या मार्चच्या आत ही ओळ लिहावी, आणि वाचकांपैकी जे कुणी शाळा समितीवर आहेत त्यांनी येत्या सभेत तिची मागणी करावी.